खडकापाशी बंद पडणारं मशीन

धक्क्यावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना नदीपलीकडे जायचं होतं ते होतेच, पण ज्यांना कुठेच जायचं नव्हतं असेही निम्मे होते. दुकानदार शटर अर्धं ओढून आले होते. टपालवाला पिशवी खांद्याला लावून उभा होता आणि पत्रांची वाट बघणारे त्याच्याच शेजारी उभे होते. सगळ्यांच्या माना नदीच्या मुखाकडे वळलेल्या. आमची लाँच परत येत होती आणि अख्ख्या गावाला एकच घोर लागला होता, मशीन चालू आहे की बंद.

लाँच धक्क्याला लागली. केबिनच्या खिडकीतून माझ्या भाच्याने डोकं बाहेर काढलं. लाँच तोच चालवतो.

"चालू आहे," तो म्हणाला.

एवढ्या दोन शब्दांवर जो गलका उठला, त्याने धक्क्यावरची कबुतरंसुद्धा उडाली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी डोळे पुसले. मग फळीवरून मौनीमहाराज उतरले आणि त्यांच्या मागोमाग, त्यांची पिशवी उचलून, माझी वहिनी. माझ्या वहिनीने आयुष्यात नवऱ्याचीही पिशवी कधी उचलली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मौनीमहाराजांना मौनाबद्दल बोलायला फार आवडतं. "मौन म्हणजे काय?" त्यांनी तिथेच, दोरखंडांच्या ढिगावर उभं राहून सुरुवात केली. "मौन म्हणजे हवेचा उपवास. हवा शांत झाली की पाणी शांत होतं. पाणी शांत झालं की पाण्यातला जीव शांत होतो. आणि तो शांत झाला की यंत्राची काय बिशाद आहे बंद पडायची?" मग त्यांनी मौनाचे प्रकार सांगायला घेतले. ते संपता संपेनात. माझ्या बाजूचा एक गृहस्थ दर वाक्याला मान हलवत होता. मी त्याला विचारलं, कळलं का काही? तो म्हणाला, सगळं कळायलाच पाहिजे असं कुठे आहे?

मी कानाच्या दवाखान्यात काम करते. कमी ऐकू येणाऱ्यांना कानातलं यंत्र बसवून देते, बिघडलं की बघते. दिवसाआड कुणीतरी म्हातारं माणूस येऊन सांगतं, "बाई, माझा कान गेला." मी यंत्रातला सेल बदलते आणि त्यांचा कान परत येतो. जाताना मला तोंडभरून आशीर्वाद देतात. त्यामुळे चमत्काराच्या बाबतीत माझी जीभ जरा खवट झाली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आता हे मशीन काय आणि महाराज कुठून उपटले, ते सांगायला हवं.

लाँच आधी माझा थोरला भाऊ चालवायचा. मी त्याला दादा म्हणायची, हळूहळू सगळा गावच म्हणायला लागला. नदी समुद्राला मिळते तिथे पाण्यातून वर आलेला एक काळा खडक आहे. धुकं पडलं की तो अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. अशाच एका धुक्याच्या सकाळी दादा छोट्या होडीतून एकटा परत येत होता. खडकापाशी एका मोठ्या बोटीने त्याच्या होडीला धडक दिली. त्याच्याकडे हातात धरून वाजवायचा बारका भोंगा होता. त्याने तो वाजवला असणारच, पण बोटीवर कुणाला ऐकू आला नाही. होडीच्या फळ्या सापडल्या. दादा सापडला नाही.

मग लाँचच्या रोजच्या प्रवाशांनी मिळून एक दणदणीत भोंगा आणला. हवा भरणाऱ्या छोट्या मोटरीवर चालणारा, दोन तोंडांचा. तो केबिनच्या छपरावर बसवला. कुणी नियम केला नाही, पण आपोआप एक रीत पडली. हा दादाचा भोंगा. तो फक्त खडकापाशी वाजवायचा. एरवी धक्क्यावरून सुटताना किंवा कुणाला बाजूला हो म्हणताना जुना पिपाणीसारखा भोंगा होताच. खडक आला की दादाचा भोंगा लांबलचक वाजायचा आणि तो वाजत असेपर्यंत सगळे उभे राहून डोळे मिटून घ्यायचे. मीही मिटायची. चाकावर असलेला भाचा तेवढा काचेतून समोर खडकाकडे बघत राहायचा.

मशीन भाच्याने स्वतः जमवलं. तळहाताएवढा कॉम्प्युटर, एकाच पट्टीवर सगळं बसवलेलं. तो त्याने लाकडी डब्यात घट्ट बसवला आणि वर एक पडदा लावला. पडद्यावर नदीचा नकाशा, नकाशावर खडक, आपली लाँच आणि ज्या बोटी स्वतःचा ठावठिकाणा पाठवतात त्या सगळ्या. धुक्यात डोळ्यांचा उपयोग संपला की हे बघायचं. बापाला धुक्याने नेलं, म्हणून पोराने धुक्यात बघायचं साधन केलं. आणि ते रोज नेमकं बापाच्या खडकापाशी बंद पडायचं.

रोज म्हणजे रोज. भोंगा वाजून संपला, डोळे उघडले की पडदा काळा. बटण दाबून पुन्हा चालू केलं तर मुकाट्याने चालू व्हायचं आणि पुढच्या वेळी खडक येईपर्यंत काही कुरकुर करायचं नाही.

भाच्याने मला बोलावलं. "आत्या, तू मशीनवाली आहेस, तूच बघ." मी माझ्या परीने जंग जंग पछाडलं. तापत असेल म्हणून पंखा लावला. आतलं मेमरी कार्ड खराब असेल म्हणून नवं घातलं. ओल शिरत असेल म्हणून डब्याला रबर लावलं. हादरे बसत असतील म्हणून खाली स्पंजाची गादी घातली. वीज कमी पडत असेल म्हणून धक्क्यावर मीटर लावून बघितला, तर आकडा अगदी ठणठणीत. एकदा लाँच दिवसभर धक्क्याला बांधलेली होती, तेव्हा मशीन चालूच ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. मी खूश. दुसऱ्या सकाळी खडकापाशी गेलो, डोळे उघडले, पडदा काळा.

लाँचचं इंजिन सांभाळणारे एक मामा आहेत, दादाच्या वेळचे. ते हात पुसत पुसत म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून मी बोलत नाही. पण मला एक सांगा. नेमकं तिथेच का?"

याचं उत्तर वहिनीकडे होतं.

"वन्सं, त्यांना मशीन कधी आवडायची?" ती म्हणाली. "घड्याळसुद्धा हातात घालायचे नाहीत. ते येतात आणि बंद करतात. पोराला सांगतात, डोळ्यांनी बघ."

"वहिनी, पट्टीवरचा कॉम्प्युटर आहे तो. कुठेतरी बिघाड असणार."

"मग सापडत का नाही तुम्हाला?"

वहिनी रोज पहिल्या खेपेला लाँचवर येऊ लागली. केबिनमध्ये एका स्टुलावर बसायची. भोंगा वाजला की डोळे मिटायची, उघडले की काळ्या पडद्यावर हात ठेवायची. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी असं काही यायचं की मी खिडकीबाहेर बघायची. माणूस समोर बसून चुकीचं काहीतरी मानतं आहे, तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि ते त्याच्यापासून काढून घ्यायला तुमच्या हातात काहीही नाही. फार वाईट अवस्था असते ती.

मग धुक्याचे दिवस जवळ आले आणि भाचा घाबरला. "आत्या, धुक्यात खडकापाशी पडदा गेला की मला कळतच नाही मी कुठे आहे. लाँचवर माणसं असतात गं." हे वहिनीनेही ऐकलं. नवरा येतो हे तिला हवंहवंसं होतं, पण पोराच्या जिवावर नको होतं. म्हणून तिनेच पलीकडच्या काठावरून मौनीमहाराजांना बोलावणं धाडलं. त्यांना समजावून सांगा, म्हणाली.

महाराजांनी फुकटात काही खेपा केल्या. केबिनमध्ये कोपऱ्यात उभे राहायचे. मग एके दिवशी निदान जाहीर झालं. "तो रागावलेला नाही. दमलेला आहे. तुम्ही भोंगा वाजवून रोज त्याला हाक मारता. बिचारा इतक्या खोलातून धावत येतो. हाक बंद करा. खडकाच्या अलीकडे बोलणं थांबवायचं, पलीकडे गेल्यावर सुरू करायचं. मध्ये एक अक्षर नाही, भोंगा नाही. मग तो यंत्राला हात लावणार नाही. गुपचूप तुमच्याशेजारी येऊन बसेल." शिवाय त्यांनी एक मणी दिला. तो मशीनच्या डब्याला दोऱ्याने बांधला.

आणि मशीन चालू राहिलं. तीच ही सकाळ, जिच्यापासून मी सांगायला सुरुवात केली.

बघा कशी बिनचूक व्यवस्था आहे. मशीन बंद पडलं तर दादा आला. मशीन चालू राहिलं तर दादा शेजारी बसला. काहीही झालं तरी दादा आहेच आणि महाराज बरोबरच आहेत. मी हे वहिनीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्हाला भाऊ परत यायला नकोच आहे का?" त्या रात्री मी जेवले नाही.

पहिलं दाट धुकं पडलं त्या सकाळी मी मुद्दाम लाँचवर होते. लाँच भरलेली होती. दोन्ही काठ दिसेनासे झाले होते, लाँचचं नाकसुद्धा पुसट झालं होतं. खडक जवळ आला तशी माणसं गप्प झाली. महाराजांनी बोट ओठांवर ठेवलं. पोरांची तोंडं आयांनी दाबून धरली. मामांनी इंजिनही मंद केलं. पडद्यावर नकाशा स्वच्छ दिसत होता, आसपास एकही बोट नाही. भाचा पडद्याकडे बघत चाक धरून होता.

आणि धुक्यातून अचानक एक वाळू वाहणारी होडी बाहेर आली. जुनी, लाकडी. तिच्यावर कसलं उपकरण असणार? ती पडद्यावर दिसलीच नव्हती. भाच्याने सगळा जोर लावून चाक फिरवलं. लाँच कलली, माणसं एकमेकांवर पडली, आणि होडी आमच्या कडेला खरवडत निघून गेली. इतक्या जवळून की होडीवाल्याच्या दाढीचे खुंट मला दिसले.

"आंधळे आहात का रे?" तो ओरडला. "एवढा मोठा भोंगा छपरावर ठेवलाय, त्याचं काय लोणचं घालायचंय?"

कुणाला मोठी इजा झाली नाही. एका बाईचं मनगट मुरगळलं, कुणाच्या कपाळाला टेंगूळ आलं. धक्क्याला लागल्यावर महाराज म्हणाले, "बघितलंत मौनाचं सामर्थ्य? आवाज असता तर वाचला नसतात." आणि माणसांनी माना डोलावल्या.

भाचा केबिनमध्येच बसून होता. "आत्या," तो म्हणाला, "भोंगा वाजवला की मशीन जातं. नाही वाजवला की समोरच्याला मी कळत नाही. मी नक्की काय करू, एवढं सांग. रोज कुणाला घेऊन मरू?"

मी त्याला पाणी दिलं. त्याचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. भोंगा वाजवला की मशीन जातं. हे तो महाराजांचं म्हणून बोलला होता, पण ते खरं होतं का? आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. भोंगा वाजताना सगळ्यांचे डोळे मिटलेले, भाच्याचे खडकावर. पडदा कुठल्या क्षणी काळा होतो हे इतक्या दिवसांत एकाही माणसाने बघितलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मशीन दुरुस्त करायला गेलेली मी, आणि मशीन बिघडताना रोज डोळे मिटून उभी.

महाराजांनी एकदम दोन गोष्टी बदलल्या होत्या. मणी बांधला होता आणि भोंगा बंद केला होता. दवाखान्यात आम्ही असं कधी करत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कळतच नाही. दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. मी निघण्याआधी मणी सोडून माझ्या पर्समध्ये टाकला आणि कुणाला काही बोलले नाही. मौन पाळलं गेलं, खडक मागे पडला, मशीन चालू. म्हणजे मण्याचा काही संबंध नव्हता. राहिला भोंगा.

महाराज धक्क्याजवळच्या खानावळीत जेवत होते. मी समोरची खुर्ची ओढून बसले आणि मणी त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"हा नसतानाही चाललं," मी म्हटलं.

त्यांनी घास संपवला. आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं. मग एकदम साध्या, शेजारच्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही सगळे डोळे मिटता. मी मिटत नाही. भोंगा सुरू झाला की पडदा जातो, हे मला पहिल्याच खेपेला दिसलं. का जातो ते मला माहीत नाही."

"मग तसं सांगायचं ना लोकांना."

"सांगितलं असतं तर मी मशीनवाला झालो असतो. मशीनवाल्याच्या पाया कोण पडतं? तुमच्या पडलं का कुणी?"

"काल माणसं मेली असती."

"मेली नाहीत ना?" ते म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मला त्या माणसाची पहिल्यांदा भीती वाटली.

आता एकच करायचं होतं. लाँच धक्क्याला बांधलेली असताना दादाचा भोंगा वाजवून बघायचा. तो धक्क्यावर आजवर कधीच वाजला नव्हता. मी मामांना विचारलं तर ते दोन पावलं मागे सरले. "ताई, तुम्ही त्यांची सख्खी बहीण, आणि तुमची जीभ कशी उचलली? तो खडकापाशी वाजवायचा भोंगा आहे. असा गंमत म्हणून धक्क्यावर वाजवायचा?" भाच्याला विचारलं तर तो मान खाली घालून म्हणाला, "आईला विचार."

पुढच्या सकाळी पुन्हा धुकं होतं. पहिली खेप खोळंबलेली, माणसं धक्क्यावर उभी. मी सगळ्यांसमोर वहिनीला विचारलं. लोक माझ्यावर तुटून पडले. एक बाई म्हणाली, मेलेल्या भावाची परीक्षा घेते आहे. महाराजांनी डोळे मिटून सांगितलं, "वाजवू दे तिला. होणाऱ्या परिणामांना मी जबाबदार नाही." वहिनी माझ्याकडे बघतही नव्हती.

मला भाषण येत नाही. एवढंच बोलता आलं. "वहिनी, त्या दिवशी दादाचा भोंगा कुणाला ऐकू गेला नाही. आता पोराचाही कुणाला ऐकू जाऊ द्यायचा नाही का?"

मग वहिनी उठली. फळीवरून लाँचवर गेली, केबिनमध्ये शिरली. मी आणि भाचा तिच्या मागे. मशीन चालू होतं. मी विजेचा मीटर लावला. तिने भोंग्याच्या बटणावर हात ठेवला. मी म्हटलं, "डोळे उघडे ठेवा." तिने ठेवले.

भोंगा वाजला. धक्क्यावरची सगळी माणसं सवयीने उभी राहिली आणि त्यांनी डोळे मिटले. मीटरचा आकडा घसरत खाली आला आणि पडदा आमच्या डोळ्यांदेखत विझला.

"पुन्हा लाव," वहिनी भाच्याला म्हणाली. त्याने मशीन चालू केलं. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा काळा. तिसऱ्यांदाही तसंच.

मी बरोबर एक वेगळी बॅटरी आणली होती. मशीनची वायर काढून मी तिला जोडली. "आता वाजवा."

भोंगा वाजला, वहिनीचा हात बटणावरून निघेना, इतका वेळ वाजला. नकाशा जसाच्या तसा. खडक, नदी, धक्का, आमची लाँच, सगळं जागेवर.

भोंगा थांबल्यावर तिने मला विचारलं, "म्हणजे इतके दिवस वायर होती?"

मी हो म्हटलं.

त्याच्यामागचं कारण कुठल्याही पोराला कळेल असं होतं. भोंगा बसवला तेव्हा मामांनी तो केबिनमध्ये आधीच आलेल्या वायरला जोडला होता. ती वायर जुनी, बारीक, इंजिनखोलीतल्या बॅटरीपासून लांबवर आलेली. एका दिव्यापुरती टाकलेली. पुढे भाच्याने मशीनही तिलाच जोडलं. तुम्ही वरच्या मजल्यावर अंघोळ करत असता आणि खाली कुणी मोठा नळ सोडतं, तेव्हा तुमच्या नळाची धार करंगळीएवढी होते ना, तसंच. भोंग्याची मोटर वीज ओढायला लागली की मशीनपर्यंत पुरेशी पोचायचीच नाही. वीज कमी पडली की तो छोटा कॉम्प्युटर स्वतःला मिटून घेतो. धक्क्यावर मीटर लावला तेव्हा भोंगा वाजत नव्हता, म्हणून आकडा ठणठणीत. खडकापाशी दादा नव्हता येत. खडकापाशी आम्ही भोंगा वाजवत होतो, आणि फक्त खडकापाशीच वाजवत होतो. नेमकं तिथेच का, या मामांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या रीतीत होतं.

हे मी धक्क्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं. नळाचं उदाहरण दिलं. ज्याला हवं त्याने आत येऊन बटण दाबून बघा म्हटलं. काहींनी येऊन बघितलं. मामांनी तर पाचसहा वेळा बघितलं आणि मग कोपऱ्यात जाऊन तोंड फिरवून उभे राहिले. जोड त्यांच्या हातचा होता. मी त्यांना म्हटलं, यात तुमची काही चूक नाही, तेव्हा मशीन होतंच कुठे? त्यांनी ऐकल्यासारखं केलं.

पण लोकांनी काय काढलं असेल सांगा. महाराज शांतपणे म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतो, दोष भोंग्यात आहे." आणि आमचा टपालवाला म्हणाला, खरंच की. दुकानदार म्हणाले, महाराजांनीच बाईंना बुद्धी दिली. मी मीटर हातात धरून उभी होते. महाराज त्या दिवशी आमच्याच लाँचने पलीकडे गेले, आणि ऐकते की तिथे आता विहिरीतलं पाणी आटलं म्हणून मौन चालू आहे. मी तिकडच्या लोकांना दोनदा कळवलं. उत्तर आलं नाही.

मामांनी भोंग्यासाठी बॅटरीपासून थेट वेगळी जाड वायर टाकली. पुढच्या धुक्यात भाच्याने खडकापाशी भोंगा वाजवला. समोरून कुठूनतरी दुसऱ्या भोंग्याने उत्तर दिलं आणि एक मोठी सावली आमच्या बाजूने वळून निघून गेली. पडद्यावर ती दिसत होतीच. बाकीच्यांनी डोळे मिटले होते. स्टूल रिकामं होतं. वहिनी त्या दिवसानंतर लाँचवर आली नाही.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. स्वयंपाकघरात ती भांडी पुसून फडताळात लावत होती. मला वाटलं, चहा विचारेल. तिने विचारलं, "वन्सं, मग ते कुठे आहेत?"

मी विजेचं सांगितलं होतं, वायरचं सांगितलं होतं, नळाचं सांगितलं होतं. याचं मला काहीही माहीत नव्हतं. महाराजांनी यावर तासभर सांगितलं असतं.

"मला माहीत नाही, वहिनी," मी म्हटलं.

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि ती रडायला लागली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. माणूस सापडलाच नाही, त्यामुळे रडायची वेळच आली नव्हती, आणि मग तर तो रोज सकाळी पडदा विझवून जात होता. आता ती ओट्याला धरून रडत होती आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी होते. थांबा म्हणायचीही माझी हिंमत नव्हती. जे तिच्याकडून मी काढून घेतलं होतं, त्याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

लोक मला विचारतात, तुम्ही काय मिळवलंत? बिचारीचा आधार होता, राहू द्यायचा होता. मी त्यांच्याशी भांडत बसत नाही. त्यांना एवढंच सांगते, की जे कळत नाही त्याला सरळ कळत नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. पण त्या रिकाम्या जागी लगेच कुणाला आणून बसवू नका. जिथे बघता येतं तिथे बघा, एका वेळी एक गोष्ट बदलून बघा, आणि बघायच्या वेळी डोळे मिटू नका. आधार काढून घेतला, कबूल आहे. मला त्याचं वाईट वाटतं, रोज वाटतं.

वहिनी अजून माझ्याशी तुटक बोलते. धुक्याच्या दिवशी ती गच्चीवर उभी असते. नदीच्या मुखाकडून दादाचा भोंगा ऐकू येतो, आणि मग थोड्या वेळाने जुना पिपाणीचा भोंगा वाजतो, धक्क्याला लागल्याचा. तो वाजला की ती खाली येते आणि पोरासाठी पान घेते.